वरचं खाली यायला हवं

४ फेब्रुवारी

ही डायरी लेकीने पाठवली. हिच्यात फक्त आकडे लिहायचे, असं तिने फोनवर बजावलं आहे. वरचा आकडा, खालचा आकडा, संपलं. पण एवढी जाड, मऊ कागदाची वही, आणि रोज दोनच आकडे? भल्या मोठ्या पातेल्यात एक अंडं उकडल्यासारखं झालं ते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं जोडून दिलं. आता थोडं स्वतःशी बोलायला काय हरकत आहे. लेक काही इथे येऊन वाचणार नाही.

झालं असं, की हे कानातला मळ काढायला दवाखान्यात गेले आणि ब्लडप्रेशर घेऊन घरी आले. तिथल्या नर्सने सहज म्हणून दंडाला पट्टा बांधला आणि तिचा चेहराच बदलला. आज डॉक्टरांनी मलाही बोलावून घेतलं. डॉक्टर तरुण आहेत, भराभर बोलतात. म्हणाले, "आजी, खालचं ठीक आहे. वरचं मात्र फार चढलंय. ते खाली यायला हवं."

मी म्हटलं, "मी कधीची तेच म्हणते आहे."

डॉक्टरांना काही कळलं नाही. नर्स मात्र तोंडावर हात धरून हसली, कारण ती आमच्याच गल्लीतून येते-जाते आणि तिला माहीत आहे. आमच्या गल्लीत ह्यांना सगळे 'वरचे' म्हणतात आणि मला 'खालच्या'. निवृत्त झाल्यावर ह्यांनी आपली खाट उचलून वरच्या खोलीत नेली आणि मी खाली राहिले. भांडण वगैरे काही नाही. ह्यांना एकटं राहायला आवडतं, एवढंच. दूधवाला दोन पातेली वेगळी मोजून देतो आणि विचारतो, "वरचे बरे आहेत ना?"

खरं सांगायचं तर 'खाली या' असं मी ह्यांना कधी म्हटलेलं नाही. डॉक्टरांसमोर पहिल्यांदाच तोंडातून निघालं आणि ते थट्टेवारी गेलं. बरंच झालं.

वरचा एकशे ब्याऐंशी. खालचा अठ्ठ्याहत्तर.

६ फेब्रुवारी

हे गोळीला तयार नाहीत. ह्यांनी सगळी नोकरी पाण्याच्या पंपहाऊसवर काढली. गावाला पाणी चढवायचं, टाकी भरायची, प्रेशर पडू द्यायचं नाही. प्रेशर पडलं की वरच्या मजल्यावरच्या बायका बादल्या घेऊन ऑफिसात येऊन बसत. त्या माणसाला आता म्हणायचं, तुमचं प्रेशर कमी करा.

"डोकं म्हणजे माणसाचा वरचा मजला," हे जिन्यावरून ओरडून म्हणाले. "प्रेशर कमी केलं तर तिथे पाणी चढेल का?"

मी खालून म्हटलं, "तुमच्या वरच्या मजल्यावर राहतं कोण, ते तरी बघू."

शेवटी कबूल झाले. आमच्याकडे चहा वर पाठवायची टोपली आहे. माझे गुडघे जिना चढू देत नाहीत म्हणून ह्यांनीच जिन्याच्या कठड्याला पंपहाऊसची जुनी कप्पी लावून दोरी सोडली. मी टोपलीत चहाचा थर्मास ठेवते, दोरी दोनदा हिसडते, की टोपली वर जाते. आता थर्मासशेजारी बाटलीच्या झाकणात गोळी. थोड्या वेळाने रिकामं झाकण खाली येतं आणि वरून आवाज येतो, "गोळी गेली."

सकाळची माझी ही पहिली चिंता मिटते. मग मी माझा चहा पिते.

१३ फेब्रुवारी

धुकं आहे. तीन दिवस समोरचं घर दिसत नाही, फक्त त्याचा दिवा दिसतो, तोही दुपारी.

दुपारी आडवी झाले की माझ्या उशाकडच्या भिंतीतला नळ वाहायला लागतो. सूं... सूं... अगदी लयीत. हे वर नळ सोडून बसतात. काय एवढं धुतात कोण जाणे. आधी राग यायचा, आता त्या आवाजावरच डोळा लागतो. पाणी वाहतंय म्हणजे हे जागे आहेत, उभे आहेत. इतक्या वर्षांत छताने मला ह्यांची सगळी चाल शिकवली आहे. खुर्ची सरकली, खिडकी उघडली, उजवा पाय जरा ओढला. एक्स्चेंजमध्येही माणसं मला अशीच माहीत होती, तोंड न पाहता.

आज झोपेत एक्स्चेंजचा बोर्ड दिसला. सगळे दिवे एकदम लागले होते आणि माझ्या हातात एकच वायर. प्रत्येक भोकातून पाणी झिरपत होतं, पण भीती वाटत नव्हती. मग बोर्डातून ह्यांचा आवाज आला, तेव्हाचा, तरुण. "पंपहाऊस बोलतोय. टाकी भरली. ऑफिस जोडून द्या." रोज संध्याकाळी हा फोन यायचा. चेहरा बघायच्या किती आधी मी ह्या आवाजाची वाट बघायला लागले होते, ते मी ह्यांना आजवर कळू दिलेलं नाही.

जाग आल्यावर वर ओरडून म्हटलं, "अहो, नळ बंद करा आता."

"कुठला नळ?" हे म्हणाले.

विसरभोळेपणा वाढतोय ह्यांचा. डॉक्टरांना सांगायला हवं.

२१ फेब्रुवारी

वरचा एकशे अठ्ठ्याहत्तर. मोजायचं यंत्र लेकीने पाठवलं, ते वर ठेवलं आहे. हे स्वतः मोजतात आणि आकडे खाली ओरडतात. आकड्यांच्या बाबतीत हे लबाडी करायचे नाहीत. पंपहाऊसचे संस्कार आहेत ते.

भाजीतलं मीठ कमी केलं. हे म्हणतात, आता भाजी आणि पाटीवरची खडूची पूड ह्यांत फरक उरला नाही. मी म्हटलं, खडूची पूड तुम्ही कधी खाल्लीत. तर म्हणाले, लहानपणी, आणि त्यात चव होती.

४ मार्च

दवाखाना. एक महिना झाला आणि वरचं हलायला तयार नाही. डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या. "रोज घेतात ना गोळी?"

"मी स्वतः टोपलीत ठेवते," मी जरा तोऱ्यातच म्हटलं. "झाकण रिकामं परत येतं."

नर्सला हे मीटरवाली म्हणतात. ती सारखी मीटर घेऊन फिरते म्हणून. ती माझ्याकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "आजी, कुठेतरी पाणी मुरतंय." मी म्हटलं, "बाई, पाणी मुरलं तर ह्यांना सगळ्यांत आधी कळेल, त्यांचा धंदाच तो." हे खिडकीबाहेर बघत होते.

डॉक्टरांनी गोळीची ताकद दुप्पट केली आणि दुसरी एक जोडून दिली. त्या दुसरीने लघवी जास्त होते. हे म्हणाले, "म्हणजे आता मलाच उपसणार तुम्ही." डॉक्टर हसले. समजावून म्हणाले, ह्या वयात नळ्या कडक होतात, म्हणून वरचंच चढतं. आणि चढलेलं राहू दिलं तर एक दिवस अचानक अर्धं अंग जातं, नाहीतर बोलणं.

अंग गेलं तर मी दोन्ही हातांनी सावरीन. पण बोलणं? वरून आवाजच आला नाही तर मला काय कळणार, हे आहेत की नाहीत.

६ मार्च

लेकीचा फोन. "आई, तू समोर उभी राहून गोळी घ्यायला लाव. टोपली बंद." तिला वाटतं तिचा बाप लबाड आहे. मी म्हटलं, तुला वरवर दिसतं ते सगळं खरं नसतं. पण ऐकायचं ठरवलं. गुडघे अर्धा जिना चढतात. तिथे वळणावर लहान खिडकी आहे आणि एक रुंद पायरी. ह्यांना म्हटलं, मी अर्धी येते, तुम्ही अर्धे या.

आले. गोळ्यांकडे बराच वेळ बघत राहिले. मग एकदम दोन्ही गिळल्या आणि तोंड उघडून दाखवलं, लहान मुलासारखं. इतकं काय त्यात. एवढा नाराज चेहरा तर पंपाची मोटर जळली तेव्हाही नव्हता.

१० मार्च

वरचा एकशे एक्कावन्न. अखेर उतरायला लागलं. नव्या गोळीला मानलं पाहिजे.

गंमत म्हणजे आता सकाळचा चहा आम्ही त्या वळणावरच घेतो. एका पायरीवर हे, खालच्या पायरीवर मी. थर्मास मध्ये. खिडकीच्या काचेला धुकं चिकटलेलं असतं आणि बाहेरच्या सायकलींच्या घंटा लांबून, कापसातून आल्यासारख्या येतात. हे फारसं बोलत नाहीत. मीही नाही. टोपली कठड्याला नुसती लोंबते आहे, तिला काम नाही.

१५ मार्च

एकशे एकोणतीस. मी आकडा दोनदा वाचला.

आणि हे किती मऊ झालेत. त्या जिन्याच्या वळणावर बसले की बोलत राहतात, हळू, अर्धे डोळे मिटून. आज तलावाबद्दल बोलले. पंपहाऊसच्या मागे तलाव होता, रात्रपाळीला हे काठावर बसायचे. म्हणाले, "पाणी आवाज न करता वर चढायचं बघ. सगळं गाव झोपलेलं आणि ते नळातून चढतंय, एकेका घरात. मला वाटायचं, मीच चढतोय. तुझ्या खोलीपर्यंत."

मी म्हटलं, "तेव्हा तुम्हाला माझी खोली कुठे माहीत होती?"

"नळाला माहीत होती," हे म्हणाले.

असं बोलणारा माणूस मला ह्या जन्मात भेटलेला नाही. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी उगाच थर्मासचं झाकण घट्ट करत बसले. ह्यांचा हात हातात घेतला तर गार लागला. धुक्याचे दिवस आहेत. हे म्हणाले, पायऱ्या मऊ झाल्यात, गादीवरून चालल्यासारखं वाटतं. उठताना भिंत धरतात. मी म्हटलं, म्हातारपण आहे हो, आम्हीही धरतो.

औषध माणसाला इतकं गोड करत असेल, तर डॉक्टरांनी ते आमच्या लग्नातच द्यायला हवं होतं.

१८ मार्च

एकशे नऊ. वरचं खाली आलं.

लेकीला फोन लावला. म्हटलं, तुझ्या बापाचं आलं गं खाली. तिने शाबास म्हटलं, पण आकडा विचारायच्या आत तिचा दुसरा फोन वाजला. हे आज चहा अर्धाच प्यायले. बसल्या बसल्या डोळे मिटत होते. मी त्यांना तसंच बसू दिलं आणि शेजारी बसून राहिले. खिडकीत एक कबुतर येऊन आमच्याकडे बघत होतं. दुपारी भिंतीतलं पाणी नेहमीपेक्षा जोरात वाहत होतं, आणि हे तर माझ्यासमोर जिन्यात झोपलेले. नळ उघडाच ठेवला असणार.

ह्या आठवड्याइतका चांगला आठवडा मला आठवत नाही.

२० मार्च

काल लिहिणं झालं नाही. अजूनही अक्षर नीट येत नाही.

काल सकाळी गोळ्या घेऊन झाल्या, चहा झाला, आणि वरच्या खोलीचं दार वाऱ्याने आपटलं. हे म्हणाले, "बघतो," आणि पटकन उठले. उठले आणि तसेच उभे राहिले. चेहरा एकदम कागदासारखा पांढरा. मला वाटलं काहीतरी आठवताहेत. मग गुडघे वाकले आणि ते सगळेच्या सगळे माझ्या अंगावर आले.

मी खालच्या पायरीवर होते म्हणून. तिथे मी नसते तर हे जिन्याच्या तळाशी गेले असते. कठडा एका हाताने धरला आणि दुसऱ्या हाताने ह्यांना पोटाशी धरलं. ह्या गुडघ्यांवर ते वजन कसं पेललं मला माहीत नाही. तोंडचं पाणी पळालं होतं. ह्यांचा श्वास चालू आहे की माझाच, तेही कळेना. मी ह्यांना कानात म्हणत राहिले, "बोला ना. बोला. काहीही बोला."

हळूहळू त्यांना पायरीवर आडवं टेकवलं. डोकं माझ्या मांडीवर खाली, पाय वरच्या पायऱ्यांवर. थोड्या वेळाने डोळे उघडले. छताकडे बघत म्हणाले, "वर पाणी चढलं नाही."

मग मी रडले. मोठ्याने, शेजारीण धावत येईल इतकी.

२१ मार्च

परवाच शेजारणीच्या गाडीतून दवाखान्यात गेलो होतो, ते आज लिहिते. मीटरवालीने ह्यांना झोपवून मोजलं, मग उभं करून मोजलं. उभं राहिल्यावर वरचा ऐंशीच्या घरात. डॉक्टरांनी खुर्ची ह्यांच्याजवळ ओढली. मग म्हणाले, "आजोबा, खरं सांगा. पहिला महिना गोळी घेत होता?"

हे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. मग म्हणाले, "गेली."

"कुठे गेली?"

"बेसिनमध्ये."

मी तिथे होते. समोरच्या स्टुलावर बसले होते. रोज सकाळी 'गोळी गेली', 'गोळी गेली', आणि मी, टेलिफोनवर नुसता श्वास ऐकून माणूस ओळखणारी, रोज निश्चिंत होऊन चहा पीत होते. लबाडीसुद्धा खोटं न बोलता केली ह्यांनी. गेली म्हणाले. पोटात गेली, असं एकदाही म्हणाले नाहीत.

डॉक्टरांनी समजावलं, तसं माझ्या डोक्यात उजेड पडला. एकही गोळी पोटात गेली नव्हती, म्हणून वरचं उतरलं नाही. उतरलं नाही म्हणून ताकद वाढवली. आणि मग मी जिन्यात उभी राहिले, तर ह्यांनी वाढवलेलं सगळं एकदम गिळलं. ते मऊ बोलणं, मिटलेले डोळे, गार हात... मी पंधरवडाभर ज्या माणसाच्या प्रेमात पडले होते, तो माझ्यासमोर विझत चालला होता. आणि मी लेकीकडून शाबासकी घेत होते.

मीटरवालीने विचारलं, "आजोबा, एवढं पाणी चढवलंत, मग जुन्या वस्तीतल्या जुन्या नळांना पूर्ण प्रेशर सोडायचात का?"

"छे. आतून अरुंद आणि कडक झालेले ते. फुटतील."

"मग तुमचे नळ कधीचे?"

ह्यांनी हवेतच चाक फिरवल्यासारखा हात फिरवला. मग म्हणाले, "पण व्हॉल्व्ह एकदम पिळायचा नसतो. रोज चिमूटभर फिरवायचा आणि वरच्या मजल्यावर पाणी पोचतंय का, जाऊन बघायचं."

डॉक्टर म्हणाले, "मीही चिमूटभरच फिरवला असता. पण तुम्ही मला बंद नळाचा आकडा उघड्या नळाचा म्हणून दिलात."

एकच गोळी ठेवली आहे, पहिलीच, कमी ताकदीची. दुसरी बंद. उठताना आधी बसायचं, पाय हलवायचे, मग उभं राहायचं. आणि जिना बंद, काही दिवस तरी.

परत येताना रिक्षात मी ह्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आलेला नाही. ह्यांनी माझा हात धरला, तो मी सोडवूनही घेतला नाही. दोन्ही खरं आहे.

२४ मार्च

शेजारणीच्या दोन मुलींनी खाट खाली आणली. आता ती माझ्या खाटेसमोर आहे, मध्ये लहान स्टूल. इतक्या वर्षांनी पुरुषाचे जोडे दाराशी बघून मी आजच दोनदा दचकले.

संध्याकाळी मी विचारलं, "एकटं राहायला आवडतं, तर मग इथे जमेल का?"

"कुणी सांगितलं आवडतं?" हे म्हणाले. "रात्रपाळीची सवय. सारखा उठायचो. तू दिवसभर काम करून झोपायचीस, तुझी झोप मोडायची. म्हणून वर गेलो. तू काही म्हणाली नाहीस, म्हणजे तुला बरं पडत असेल."

तेव्हा मी काही म्हणाले नव्हते. आताही स्वयंपाकघरात जाऊन भाजी ढवळत राहिले, ती आधीच शिजली होती.

एकशे बेचाळीस.

३ एप्रिल

मीटरवाली घरी आली होती. ह्यांचं झोपून, उभं राहून, दोन्ही मोजलं. एकशे चव्वेचाळीस आणि एकशे छत्तीस. खूश झाली. यंत्र गुंडाळताना माझ्याकडे बघत राहिली. "आजी, तुमचा चेहरा लाल का दिसतो?"

मी म्हटलं, "रागाचा आहे, अजून उतरला नाही."

तिने माझं ऐकलंच नाही, पट्टा बांधला. आकडा बघून म्हणाली, "आजी, तुमचं वरचं..."

"माझे वरचे हे काय, समोर बसलेत," मी म्हटलं.

ती हसली नाही. एकशे एक्क्याऐंशी. पुन्हा मोजलं, एकशे अठ्ठ्याहत्तर. विचारलं, डोकं दुखतं का, कानात काही आवाज येतो का. मी सांगितलं, कानात काही नाही, ते त्या भिंतीतल्या नळाचं पाणी आहे, दुपारी हे वर सोडून ठेवतात. आता वर कुणी नाही तरी वाहतं. तोटी बदलायला हवी.

हे खाटेवर उठून बसले, सावकाश, सांगितल्यासारखे. माझ्याकडे असे बघत होते की मला कळेना काय चुकलं.

"अगं," हे म्हणाले, "ह्या घरातला एकेक नळ मी माझ्या हाताने घातलाय. त्या भिंतीत नळ नाहीच."

१९ एप्रिल

आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजून झालं. डॉक्टरांनी मलाही गोळी दिली, लहानशीच. व्हॉल्व्ह चिमूटभर.

खरं लिहिते. पहिल्या दिवशी गोळी तळहातावर घेऊन मी बेसिनजवळ बराच वेळ उभी राहिले. ती घेतली म्हणजे आपण आजारी आहोत हे कबूल करायचं, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. ह्यांना इतकं बोलले, पण हे कुणी मला सांगितलं नव्हतं. शेवटी घेतली आणि बाहेर येऊन म्हटलं, "गोळी गेली."

"तोंड उघड," हे म्हणाले.

मी उघडलं. जीभही वर केली. ह्यांनी चष्मा लावून नीट बघितलं आणि मगच चहा हातात दिला. आता रोज एका बशीत दोन गोळ्या असतात. एकमेकांना तोंड दाखवल्याशिवाय चहा मिळत नाही. मीटरवाली म्हणाली, एकमेकांवर इतकी वरचढ पाळत ठेवणारं जोडपं तिने बघितलं नाही.

६ मे

ह्यांचा एकशे अडतीस. माझा एकशे चव्वेचाळीस. उभं राहून दोघांचेही ठीक.

धुकं कधीच सरलं. दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही दोघं आडवे होतो, खिडकीचा पडदा वाऱ्याने फुगतो आणि बसतो. आज मी डोळे मिटून पडले होते आणि काहीतरी कमी आहे असं वाटत राहिलं. बऱ्याच वेळाने कळलं. भिंत गप्प आहे.

कान लावून ऐकलं. सूं सूं नाही. छतावर पाय नाहीत. खुर्ची नाही, खिडकी नाही. वर कुणीच नाही. एवढी वर्षं ज्याच्या भरवशावर मी झोपी गेले, तो आवाज माझाच होता, आणि तो आता गेला. मी थोडी घाबरले. उघडंच पडल्यासारखं वाटलं. ह्यांच्या बाजूनेही आवाज येईना. मान वळवून बघायचं धैर्य होईना, म्हणून तशीच पडून राहिले.

मग समोरच्या खाटेवरून, झोपेतून की जागेपणी कोण जाणे, पण अगदी जवळून, "पंपहाऊस बोलतोय."

मी म्हटलं, "बोला."

"झोपलीस का?"

"नाही."

"मलाही झोप येत नाही," हे म्हणाले. "वरून तुझ्या भांड्यांचा आवाज यायचा. त्याच्यावर झोप लागायची मला. आता तू इथेच आहेस, तर सगळं कसं शांत."

मी हात लांब केला. मधलं स्टूल आड येत होतं, ते पायाने बाजूला सारलं. ह्यांचा हात आता गरम असतो.

स्टूल तिथे पुन्हा ठेवलं नाही. गोळ्यांची बशी खिडकीत ठेवली आहे.